संघर्ष माणसाला घडवतो, असं मी आता सरसकट सांगत नाही



या आठवड्याचा व्हिडिओ थोडा वेगळा होता. त्यात मार्जिन नव्हतं, डिस्प्ले नव्हता, जीएसटी नव्हता. खाली बऱ्याच जणांनी लिहिलं, "सर, हे जरा सविस्तर सांगा." म्हणून हा लेख. चहा घेऊन बसा, लांबलाय.

सुरुवात एका फोनपासून करतो. मागच्या वर्षी आमच्या बॅचमध्ये मोबाईल ॲक्सेसरीजचं दुकान असलेला एक तरुण होता. नाव आणि गाव सांगत नाही. मेहनती पोरगा. प्रत्येक सेशनला पहिल्या रांगेत, वहीत सगळं लिहून घेणारा. एका रात्री साडेनऊला त्याच्या बायकोचा फोन आला. मला वाटलं, फीबद्दल असेल. ती म्हणाली, "सर, तुम्ही यांना एकदा सांगाल का, की दुकान बंद करणं म्हणजे हरणं नसतं? ते माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतात."

मग हळूहळू सगळं कळलं. दुकान चौदा महिने तोट्यात होतं. भाडं थकलं होतं. त्यानं बाहेरून व्याजानं पैसे उचलले होते. तिचे दागिने गहाण होते, आणि ते तिला कपाट उघडल्यावर समजलं होतं. तिनं विचारलं तेव्हा त्यानं मोबाईलवर माझाच व्हिडिओ लावून दाखवला. त्यात मी हात वर करून म्हणतोय, "जो संघर्षात टिकतो तोच मोठा होतो. सोडू नका!"

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या व्हिडिओला लाईक भरपूर होते. पण दुकान सुरू ठेवायचं की बंद करायचं हे त्या व्हिडिओतून कोणालाच कळलं नसतं. मी त्याला टिकायला सांगितलं होतं. कशावर, कधीपर्यंत आणि कोणाला सांगून, यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

म्हणून माझं मत आज स्पष्ट लिहितो. दुःख आपोआप कोणालाही मोठं करत नाही. दुःख उघड केलं, त्याचा आकडा मांडला, जवळच्या माणसाला त्यात घेतलं, तर त्यातून माणूसही वाढतो आणि नातंही. तेच दुःख लपवलं तर त्यावर व्याज चढतं. हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. मी स्वतः लपवलं होतं.

ऑगस्ट २०१९

सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ मोजतात. ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं. आमच्या पेठेत सगळ्यांच्या डोक्यात २००५ चा पूर होता. तेव्हा पाणी आमच्या दुकानाच्या पायरीपर्यंत येऊन परत गेलं होतं. त्यामुळे वडील, म्हणजे आमचे आण्णा, म्हणाले, "२००५ ला आत आलं नाही, आता काय येतंय?" मीही तेच म्हणत होतो. खालच्या दोन फळ्यांवरचा माल वर ठेवला आणि शटर ओढून घरी आलो.

आमचं कापडाचं दुकान. साड्या, ड्रेस मटेरियल, थोडे रेडीमेड. त्या वर्षी राखी १५ ऑगस्टला होती आणि २ सप्टेंबरला गणपती बसणार होते. म्हणजे दुकान सणाच्या मालानं गच्च भरलेलं, आणि त्यातला निम्म्याहून जास्त माल उधारीवर.

पाणी उतरल्यावर शटर वर केलं तेव्हा आधी वास आला. चिखल गुडघ्यापर्यंत. साड्यांचे गठ्ठे फुगून एकमेकांना चिकटलेले. एक गठ्ठा उचलायला दोन माणसं लागत होती.

हिशेब केला. माल गेला ११ लाख ४० हजारांचा. त्यातले ६ लाख ८० हजार चार होलसेल पार्ट्यांचे देणे होते. आणि विमा? विमा होता. पण पॉलिसी घेताना पूर आणि वादळाचं संरक्षण काढून टाकलं की प्रीमियम थोडा कमी होतो, म्हणून मीच ते काढायला सांगितलं होतं. बीबीएला मी रिस्क मॅनेजमेंटमध्ये चांगले मार्क पाडले होते. हसू नका, मीच आता हसतो.

आकडा मी कोणालाच सांगितला नाही

हा माझा खरा पूर. घरी मी सांगितलं, "दोन-तीन लाखांचं नुकसान आहे, होईल भरून." आण्णांना काळजी नको, बायकोला टेन्शन नको, असं मी स्वतःला समजावलं. आज प्रामाणिकपणे सांगतो, काळजी त्यांची नव्हती. दुकान माझ्या हातात येऊन चारच वर्षं झाली होती. "पोरानं दुकान बुडवलं" हे वाक्य मला ऐकायचं नव्हतं.

मग काय झालं ते बघा. तुमच्या घरात यातलं काही चालू आहे का, तेही बघा.

मी रात्री उशिरा घरी जायला लागलो. साफसफाईचं निमित्त होतंच. फोन आला की बाहेर जाऊन बोलायचो. मुलगी तीन वर्षांची होती. ती पायाला मिठी मारायला आली की मी झिडकारायचो. बायकोनं "जेवण गरम करू का?" विचारलं तरी मला त्यात चौकशीचा वास यायचा. आण्णा दुकानात आले की मी वही बंद करायचो. त्यांनी ते पाहिलं होतं, पण ते काही बोलले नाहीत. बायकोला तर वाटायला लागलं होतं की माझं बाहेर काहीतरी चालू आहे. हे तिनं मला नंतर सांगितलं.

म्हणजे पुरानं माल नेला आणि लपवण्यानं घर न्यायला सुरुवात केली. बाहेरून बघणारा म्हणाला असता, पोरगं किती संघर्ष करतंय! होय, करत होतो. त्या पाच आठवड्यांत मी काडीचाही मोठा झालो नाही. फक्त चिडका झालो.

हे मी फोडलंही नाही, ते फुटलं. एका पार्टीला माझा फोन लागेना म्हणून त्यांनी घरच्या नंबरवर फोन केला. बायकोनं उचलला. रात्री मी आल्यावर ती म्हणाली, "अहो, खरा आकडा सांगा. मी काय पळून जाणार आहे का?"

मी वही उघडली. आण्णाही येऊन बसले. ६ लाख ८० हजार ऐकल्यावर ते ओरडतील असं वाटलं होतं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मी पण एकदा असंच लपवलं होतं. तुझ्या आईला दोन वर्षं पत्ता लागू दिला नाही. कळल्यावर तिनं माझ्या आकड्यावर विश्वास ठेवणंच सोडलं."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "अजून नाही ठेवत."

आम्ही सगळे हसलो. पाच आठवड्यांनी त्या घरात कोणीतरी हसलं होतं. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. आण्णांचं नुकसान कधीच भरून आलं होतं. लपवल्याचं नुकसान वीस-पंचवीस वर्षांनीही आईच्या मनात जसंच्या तसं जमा होतं.

सांगितल्यावर काय बदललं

पैसे लगेच आले नाहीत. हे आधी सांगतो, कारण अशा गोष्टींत पुढच्याच ओळीत चमत्कार होतो. आमच्याकडे झाला नाही.

दुसऱ्या दिवशी आण्णांनी मला चारही पार्ट्यांना फोन करायला लावले. "चेक बाऊन्स व्हायच्या आधी फोन कर. नंतर केलेला फोन म्हणजे सबब." सगळ्यात जास्त, ३ लाख १० हजार, इचलकरंजीच्या एका पार्टीचे होते. मी म्हणालो, "शेठ, चेक बँकेत टाकू नका. खात्यात पैसे नाहीत. महिन्याला पंधरा हजार देतो." ते म्हणाले, "पूर आम्हालाही दिसलाय की. तू फोन तरी केलास. बाकीच्यांचे फोन बंद लागतायत." तिघांनी मुदत दिली. चौथ्यानं दिली नाही. त्याचे पैसे गावातल्या पतसंस्थेचं कर्ज काढून दिले, आणि तो व्यवहार तिथेच संपला. वाईट वाटलं, पण त्याचं तो बरोबर होता. त्याचाही धंदा होता.

बायकोनं विचारलं, "मी दुकानात फॉल-पिको सुरू करू का?" तिला लग्नाच्या आधीपासून ते येत होतं. ब्लाउजही ती उत्तम शिवते. सहा वर्षांच्या संसारात मला हे माहीत होतं आणि दुकानाच्या संदर्भात एकदाही सुचलं नव्हतं. चिखलातून वाचलेल्या साड्या आम्ही धुऊन, इस्त्री करून "पुराचा माल" अशी पाटी लावून विकल्या. तिनं कोपऱ्यात मशीन टाकलं. आज दुकानाच्या नफ्यातला साधारण चौथा हिस्सा त्या कोपऱ्यातून येतो. शेवटचा हप्ता आम्ही मार्च २०२२ मध्ये फेडला. मध्ये लॉकडाऊन झालं, तेही याच वहीवर काढलं.

आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. पाणी परत ५० फुटांच्या वर गेलं. फरक एवढाच की या वेळी पाणी वाढायला लागल्याची बातमी आली त्याच संध्याकाळी मी फोन फिरवले. लाज वाटली नाही. बायको, आण्णा, दुकानातला पोरगा, शेजारच्या भांडीवाल्याची दोन मुलं. रात्री दीडपर्यंत सगळा माल वरच्या मजल्यावर. नुकसान झालं ते फर्निचरचं आणि रंगाचं. २०१९ मध्ये मदत मागायला जीभ जड झाली होती. २०२१ मध्ये झाली नाही. मला विचाराल तर माझी वाढ एवढीच. पण ती ११ लाखांची आहे.

अभ्यासक काय म्हणतात

अमेरिकेतले दोन मानसशास्त्रज्ञ आहेत, रिचर्ड टेडेस्ची आणि लॉरेन्स काल्हून. मोठ्या आघातानंतर काही माणसांमध्ये चांगले बदल होतात, याचा त्यांनी अभ्यास केला आणि १९९६ मध्ये ते मोजायची एक पद्धत मांडली. त्यात पाच गोष्टी येतात: माणसांशी नातं घट्ट होणं, नव्या वाटा दिसणं, स्वतःच्या ताकदीची जाणीव, आयुष्याची किंमत कळणं आणि आध्यात्मिक बदल.

यातली पहिली गोष्ट बघा, नाती. आणि त्यांचं मुख्य म्हणणं असं की वाढ आघातामुळे होत नाही, आघातानंतर माणूस त्याच्याशी जी झुंज देतो, मनात नव्यानं मांडणी करतो, त्यातून होते. वाढ झाली म्हणून वेदना संपते असंही ते म्हणत नाहीत. दोन्ही एकाच घरात राहू शकतात. आमच्या घरात राहतात. जोराचा पाऊस लागला की आण्णा आजही रात्री उठून खिडकीत उभे राहतात.

म्हणून "दुःख हे वरदान आहे" असं कोणी स्टेजवरून सांगितलं की मला आता अवघडल्यासारखं होतं. ज्याचं घर वाहून गेलं त्याला जाऊन सांगा वरदान आहे म्हणून. आणि एक गोष्ट याहून वाईट. "आम्ही सोसलं, तुम्हीही सोसा" म्हणत दुकानातल्या पोराला उभं ठेवणारे, पगार उशिरा देणारे, मुलांना मुद्दाम रडवणारे लोक मी पाहिलेत. आपण सोसलं म्हणून दुसऱ्याला सोसायला लावायचा परवाना मिळत नाही.

आपल्यातला एक दुकानदार

इथे मला तुकाराम महाराज आठवतात. त्यांना आपण संत म्हणून ओळखतो, पण देहूत त्यांच्या घरची सावकारी होती, दुकान होतं. १६३० च्या आसपास महाराष्ट्रात भयंकर दुष्काळ पडला. त्या काळात त्यांचा धंदा बुडाला, पहिली बायको आणि मुलगा गेले. परंपरेनं सांगतात की पुढे त्यांनी लोकांच्या कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवायचं ठरवलं. पण आधी त्यांची वाटणी केली. निम्मी खतं धाकट्या भावाला, कान्होबाला दिली, आणि फक्त स्वतःच्या वाट्याची बुडवली.

मला त्या वाटणीचं फार वाटतं. दुःखातून त्यांना जे उमगलं ते एवढं मोठं होतं की ते म्हणू शकले असते, "सगळीच बुडवतो, हेच खरं." पण भावाचा संसार भावाचा. आपल्या दुःखाचा धडा त्यांनी भावाच्या वाट्यावर लादला नाही. आम्ही ट्रेनर लोकांनी हे शिकायला पाहिजे. मी तर नक्कीच.

आता तुम्ही काय करायचं

मत झालं. आता वहीत लिहून घ्या.

१. आकडा लिहा. "जरा अडचण आहे" हा आकडा नाही. कोणाचे किती, कधीपर्यंत, व्याज किती. एका पानावर. मनात ते भूत असतं, कागदावर ती बेरीज होते.

२. घरातल्या एका माणसाला ते पान दाखवा. सगळ्यांना नको, एकाला. दाखवताना उपाय तयार पाहिजे असं काही नाही. बरेच पुरुष इथेच अडकतात, "आधी मार्ग काढतो, मग सांगतो." मार्ग बहुतेक वेळा सांगितल्यावर निघतो.

३. घेणेकऱ्याला त्याच्या फोनआधी फोन करा. देता येईल तेवढाच हप्ता कबूल करा. छोटा चालेल, चुकलेला चालणार नाही.

४. थांबायची तारीख ठरवा. "अमुक महिन्यापर्यंत विक्री एवढी झाली नाही तर बंद." ही तारीख त्या दुसऱ्या माणसासमोर ठरवा. तारीख नसलेला संघर्ष म्हणजे हळूहळू बुडणं. आणि घरच्यांचे दागिने त्यांना न विचारता गहाण टाकायचे नाहीत. याला माझ्याकडे अपवाद नाही.

५. विमा आजच काढून वाचा. एप्रिल २०२१ पासून पाच कोटींपर्यंतच्या छोट्या व्यवसायांसाठी "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" ही पॉलिसी आहे, त्यात पुराचं संरक्षण येतं. तुमच्याकडे कोणती आहे आणि त्यातून काय वगळलंय, एजंटला विचारा. प्रीमियमचे हजार रुपये वाचवून मी काय गमावलं ते वर आहेच.

६. मन फारच अंधारलं, झोप उडाली, जगणं नको वाटलं, तर वही बाजूला ठेवा आणि १४४१६ वर फोन करा. ती सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. दुकानं पुन्हा उभी राहतात. त्यासाठी तुम्ही असायला पाहिजे.

त्या तरुणाचं काय झालं

त्या फोननंतर मी त्याला व्हिडिओ कॉल केला आणि आधी माफी मागितली. मग दोघांना समोर बसवून वरचंच सगळं केलं. तारीख ठरली. तीन महिन्यांत त्यानं दुकान बंद केलं, माल दुसऱ्या दुकानदाराला दिला. आता तो एका डिस्ट्रिब्युटरकडे सेल्सचं काम करतो. निम्मं कर्ज फिटलंय.

मागच्या महिन्यात त्याच्या बायकोशी बोललो. विचारलं, "आता कसं आहे घरात?" ती म्हणाली, "बरं आहे. दर रविवारी वही घेऊन बसतो आम्ही. दागिन्यांचं मी अजून विसरले नाही. पण आता ते विचारायच्या आधी सांगतात."

"सगळं छान झालं" असं ती म्हणाली नाही, आणि मला ते आवडलं. विश्वास असाच परत येतो, हप्त्या-हप्त्यानं.

तो जुना व्हिडिओ मी चॅनेलवरून काढून टाकलाय. काही जणांनी विचारलं होतं कुठे गेला म्हणून, हे त्याचं उत्तर.

आज दुकान वाढवलं की घरी जा. टीव्ही बंद करा. जो आकडा तुम्ही कोणाला सांगितला नाही तो एका माणसाला सांगा. कमेंटमध्ये आकडा लिहू नका, फक्त "सांगितला" एवढंच लिहा. मी प्रत्येक कमेंट वाचणार आहे.

भेटू पुढच्या शुक्रवारी. विषय मार्जिनचाच आहे, काळजी करू नका.